भाजीतले जड धातू तपासायचे कसे: नमुन्यापासून अहवालापर्यंत, क्रमाने

नदीचे पाणी खराब आहे हे कळल्यावर काठावरचे भाजी उत्पादक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी नदीच्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत देतो, ‘मर्यादेत’ असा शेरा घेऊन येतो आणि निश्चिंत होतो. कुणी पालकाची जुडी उपटून मातीसकट पाठवतो, शिशाचा आकडा पाहून हादरतो आणि उभ्या पिकावर नांगर फिरवतो. यंत्राने काढलेला आकडा दोन्ही वेळा बरोबरच असतो. घोळ नमुना घेताना होतो, नाहीतर अहवाल वाचताना.

शेवटी उत्तर एकाच प्रश्नाचे हवे असते: धातू पानात शिरलाय की पानावर बसलाय? वर बसलेला धातू धुऊन, आच्छादन घालून, पाणी देण्याची पद्धत बदलून आटोक्यात येतो. आत शिरलेल्यावर यातले काहीच चालत नाही, तिथे माती किंवा पीक बदलावे लागते. खालचा सगळा क्रम या प्रश्नासाठी लावला आहे, म्हणून मधली पायरी गाळू नका.

## १. कोणते धातू तपासायचे ते आधी ठरवा

नदीच्या वरच्या अंगाला काय आहे ते पाहा. धातूंवर मुलामा देणारे कारखाने असतील तर क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि जस्त. कातडी कमावण्याचे उद्योग असतील तर क्रोमियम. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, वितळवण्याचे काम चालत असेल तर शिसे. कोळशाची राख पाण्यात जात असेल तर आर्सेनिक आणि पारा. शहराचे सांडपाणी म्हटले की थोडे थोडे सगळेच.

वर काय आहे ते नक्की माहीत नसेल तर शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम आणि निकेल हे पाच धरा. त्यांच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम यांपैकी एक मागून घ्या. हे धातू मातीत भरपूर असतात आणि झाड ते फारसे उचलत नाही, त्यामुळे भाजीच्या नमुन्यात त्यांचा आकडा वाढलेला दिसला की पानावर माती राहिली होती असे समजते. या एका जादा तपासणीने पुढची पुष्कळ डोकेफोड वाचते. पाऱ्याला बाटली वेगळी लागते आणि पद्धतही वेगळी असते. तसा काही स्रोत जवळपास असेल तरच त्याच्या मागे लागा.

## २. नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेशी बोला

बहुतेक जण नमुना घेऊन थेट दारात उभे राहतात. त्याऐवजी आधी फोन करून एवढे विचारा:

- भाजीतले शिसे आणि कॅडमियम किती खालपर्यंत मोजता? प्रतिकिलो ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारी प्रयोगशाळा हवी.
- निकाल ओल्या वजनावर देता की सुक्या? सुक्यावर देत असाल तर पाण्याचे प्रमाण लिहून देणार का?
- मातीतले ‘एकूण’ धातू काढता की ‘उपलब्ध’ (म्हणजे झाडाला उचलता येतील तेवढेच)? दोन्ही जमेल का?
- पाण्यासाठी आम्ल घातलेल्या बाटल्या तुम्ही पुरवता का?
- भाजी तुम्ही धुता का? धुत असाल तर कशी?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. समजा अर्धा ग्रॅम ताजी भाजी आम्लात विरघळवून द्रावण ५० मिलिलिटर केले. भाजीत प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम शिसे असेल तर द्रावणात ते लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम उरते. ज्वालेवर चालणाऱ्या साध्या अणुशोषण यंत्राला एवढे कमी दिसतच नाही. त्याला ग्रॅफाइट भट्टीचे यंत्र किंवा आयसीपी-एमएस हे त्याहून सूक्ष्म मोजणारे यंत्र लागते. साध्या यंत्रावर तपासून ‘आढळले नाही’ असे लिहून आले, तर त्याचा अर्थ फक्त ‘आमच्या यंत्राला दिसले नाही’ एवढाच घ्यायचा.

इशारा: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आम्ही धुतो’ असे आले, तर तुमचा न धुतलेला नमुना धुऊ नये, असे लेखी कळवा. नाहीतर सातव्या पायरीतली सगळी मेहनत वाया जाईल.

## ३. साहित्य जमवा, आणि काही वस्तू घरीच ठेवा

लागणारे साहित्य थोडेच आहे: प्लॅस्टिकची कोरी बादली, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खुरपे, जाड पॉलिथिनच्या कोऱ्या पिशव्या, पावडर नसलेले हातमोजे, डिस्टिल्ड पाणी, शिसपेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि बर्फाची पेटी. (शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असते, शिसे नसते. ती बिनधास्त वापरा.)

काय नको, ती यादी मोठी आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि घमेले नको, त्यातून जस्त येते आणि जस्तासोबत थोडे कॅडमियमही. रंगवलेले फावडे नको. पितळी तोटीतून पाण्याचा नमुना नको, कारण पितळेतून शिसे, तांबे आणि जस्त सुटते. क्रोमियम-निकेल तपासायचे असेल तर स्टेनलेस स्टीलची सुरीही नको, त्या पोलादात हेच दोन धातू मिसळलेले असतात. खताच्या रिकाम्या गोण्या आणि छापील वर्तमानपत्र दूरच ठेवा. नमुना घेताना विडी-सिगारेट ओढायची नाही, तंबाखूच्या राखेत आणि धुरात कॅडमियम असते. अंगठी, कडे काढून ठेवा.

पाण्यासाठी एचडीपीई प्लॅस्टिकच्या बाटल्या लागतात. त्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्यायच्या असतात. हे काम प्रयोगशाळेवर सोपवलेले बरे. शीतपेयाची रिकामी बाटली धुऊन वापरणे हा या कामातला सर्वांत जुना आणि सर्वांत हट्टी घोटाळा आहे.

## ४. शेताचे तुकडे पाडा

एका शेताचा एक नमुना, हे गणित नदीकाठी चालत नाही. पाटाच्या तोंडाशी गाळ आधी बसतो, त्यामुळे पहिल्या वाफ्यात धातू जास्त आणि टोकाच्या वाफ्यात कमी अशी उतरंड असते. पुराचे पाणी जिथवर चढते तो पट्टा तर पूर्ण वेगळा. म्हणून किमान तीन तुकडे धरा: पाटाच्या तोंडाजवळचा, टोकाचा आणि पुराचा. शक्य असेल तर चौथा तुकडा याच प्रकारच्या मातीचा, पण नदीचे पाणी कधीच न लागलेला घ्या. तुलनेला तो नसेल तर मातीतले धातू मुळातलेच की नदीने आणलेले, हे सांगता येत नाही.

प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत जाऊन १५ ते २० ठिकाणी लाकडी खुंट्या ठोका. बांध, खताच्या ढिगाची जागा, विजेच्या खांबाचा आणि पत्र्याच्या शेडचा परिसर वगळा. भाजी आणि माती या दोन्हींचे नमुने याच खुंट्यांपाशी घ्यायचे आहेत.

## ५. क्रम पाळा: आधी पाणी, मग भाजी, शेवटी माती

सगळे जण आधी माती खणतात. खणताना उडालेली धूळ शेजारच्या पानांवर बसते आणि भाजीचा नमुना तिथेच बिघडतो. म्हणून मातीला सगळ्यात शेवटी हात लावा. हातमोजे प्रत्येक टप्प्यावर बदला. दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना सुरुवात करा. पाऊस होऊन गेला असेल तर दोन-तीन दिवस थांबा, कारण जोराच्या सरीने पाने धुऊन निघतात किंवा चिखलाने माखतात, आणि दोन्ही स्थिती नेहमीच्या नसतात.

## ६. पाण्याचा नमुना

नदीतून घ्यायचा झाल्यास खालच्या अंगाने पाण्यात उतरा, तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येऊ देऊ नका. उपसा पंपातून घेत असाल तर पाणी पाच-दहा मिनिटे वाहू द्या. दोन बाटल्या भरा. एकीत जसे आहे तसे गढूळ पाणी, दुसरीत ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेले. नदीतले बरेचसे धातू गाळाच्या कणांना चिकटून वाहतात, पाण्यात विरघळलेले थोडेच असतात. नुसते गाळलेले पाणी तपासले तर शेतात पडणारा मोठा वाटा मोजायचाच राहतो.

बाटलीत आधीच आम्ल असेल तर ती पाण्याने खळबळू नका आणि काठोकाठ भरू नका. आम्लामुळे सामू (पीएच) २ च्या खाली राहिला पाहिजे, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात. षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाची) बाटली मात्र आम्ल न घालता, बर्फावर ठेवून २४ तासांत पोचवायची.

इशारा: नायट्रिक आम्ल स्वतः हाताळावे लागले तर चष्मा आणि आम्लरोधक हातमोजे घाला. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

पाण्याच्या निकालावर फार भिस्त ठेवू नका. सांडपाणी सतत एकसारखे सुटत नाही. रात्री सुटते, सुट्टीच्या दिवशी सुटते, पहिल्या पावसाचा आडोसा घेऊनही सुटते. तुमची बाटली फक्त त्या घडीचे पाणी दाखवते, आणि गेल्या कित्येक वर्षांचे पाणी मातीत नोंदलेले असते.

## ७. भाजीचा नमुना

भाजी ज्या अवस्थेत विकली किंवा खाल्ली जाते त्याच अवस्थेत घ्या. कोवळ्या रोपांचा आकडा काढणीच्या भाजीला लावता येत नाही. प्रत्येक खुंटीजवळची एक-दोन झाडे घेऊन एका तुकड्यातून एकूण दोन किलो भाजी जमवा. पालेभाजी जमिनीपासून दोन बोटे वर कापा, मुळासकट उपटू नका. कोबीचा गड्डा बाजारात जसा जातो तसा, बाहेरची पाने काढून घ्या. मुळा, गाजर घेत असाल तर पाला शेतातच वेगळा करा.

आता या दोन किलोंचे एकसारखे दोन भाग करा. यात चालढकल नको.

भाग अ, न धुतलेला. फक्त सडकी पाने आणि दिसणारी ढेकळे काढा, बाकी जसे आहे तसे पिशवीत भरा.

भाग आ, धुतलेला. नळाच्या स्वच्छ पाण्यात पाने बुडवून हलवा, पाणी फेका, असे तीनदा करा. देठाच्या खोबणीत माती अडकते, तिथे बोट फिरवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळबळून, पाणी निथळू देऊन पिशवीत भरा. ज्या पाण्याने शेत भिजते त्याच पाण्यात हा भाग धुवायचा नाही. साबण, व्हिनेगर, मीठ असले काही घालायचे नाही.

दोन भागांचा हा खटाटोप कशाला, ते आकड्यांतच पाहा. शेतातल्या मातीत प्रतिकिलो १५० मिलिग्रॅम शिसे आहे असे धरू. एक किलो पालेभाजीला दोन ग्रॅम सुकी माती चिकटली. दोन ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट, डोळ्याला जाणवतही नाही. त्या मातीतून ०.३ मिलिग्रॅम शिसे येते, आणि पालेभाजीतल्या शिशाची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) कमाल मर्यादाही प्रतिकिलो ०.३ मिलिग्रॅमच आहे. झाडाने मुळातून काहीही उचललेले नसताना भाजी मर्यादेला टेकली!

आता हेच गणित कॅडमियमला लावा. मातीत प्रतिकिलो २ मिलिग्रॅम कॅडमियम असले तरी दोन ग्रॅम मातीतून ०.००४ मिलिग्रॅमच येते, आणि मर्यादा आहे ०.२. म्हणजे पालकात कॅडमियम जास्त आले तर ते मातीच्या शिंतोड्यांनी आलेले नाही, मुळांनी ओढून घेतलेले आहे. शिसे बहुधा वर बसते, कॅडमियम बहुधा आत शिरते. क्रोमियमची चाल सहसा शिशासारखी असते.

तपासा: दोन्ही भागांचे वजन किमान अर्धा-अर्धा किलो भरते का? पिशव्यांवर ‘अ’ आणि ‘आ’ लिहिले का? फोडी करण्याचे काम प्रयोगशाळेला करू द्या, घरच्या विळीवर नको.

## ८. मातीचा नमुना

खुंटी होती तिथला पालापाचोळा बाजूला करा, १५ सेंटिमीटर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून त्याच्या भिंतीची सारख्या जाडीची चीप काढा. सगळ्या खुंट्यांची माती बादलीत मिसळा, प्लॅस्टिकवर पसरा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. पत्र्यावर वाळवू नका.

पुराने नुकताच आणून टाकलेला गाळ वर दिसत असेल तर त्याचा नमुना वेगळा घ्या. खालच्या मातीत मिसळलात तर दोन्हींची खरी माहिती हातची जाते.

सामू, सेंद्रिय कर्ब आणि क्षारता या तिन्ही तपासण्या मागवाच. सामू कमी झाला की कॅडमियम, जस्त, निकेल सुटे होऊन मुळांकडे जातात. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर तेही कॅडमियमला मोकळे करते. ‘उपलब्ध’ धातूंसाठी डीटीपीए द्रावणाची पद्धत सर्रास वापरली जाते. झाडाला काय मिळू शकते याचा अंदाज तिच्यावरून येतो, आणि वर्षानुवर्षे किती साठले ते ‘एकूण’ आकडा सांगतो.

## ९. चिठ्ठी आणि पाठवणी

तारीख, तुकडा, पीक, पेरणीचा दिवस, शेवटचे पाणी कधी दिले आणि शेवटचे खत कोणते, एवढे पेन्सिलीने लिहा. चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत घालून बाहेरून बांधा. भाजी बर्फावर, माती आणि भाजी वेगवेगळ्या खोक्यांत. एका तुकड्याचा नमुना दोन वेगळ्या नावांनी पाठवा. दोन निकालांत मोठी तफावत आली तर बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचे ते कळते.

## १०. अहवाल वाचा

आधी वजन पाहा. कोडेक्सच्या भाजीच्या मर्यादा ओल्या वजनावर आहेत. पालकाचे कॅडमियम सुक्या वजनावर प्रतिकिलो १.८ मिलिग्रॅम आले आणि पाणी ९१ टक्के असेल, तर १.८ ला ०.०९ ने गुणा: ०.१६. म्हणजे ०.२ च्या मर्यादेआत. १.८ थेट ०.२ शी ताडून ‘नऊ पट विष’ अशी आरोळी ठोकण्याची चूक फार होते. उलट, मोजणीत २५ टक्क्यांची अनिश्चितता असेल तर हेच ०.१६ प्रत्यक्षात ०.२० असू शकते. अशी भाजी काठावर आहे असेच समजा.

मग मर्यादा नीट निवडा. पालेभाजीत शिसे ०.३ आणि कॅडमियम ०.२. कंदमुळांत दोन्ही ०.१. फळभाज्यांत दोन्ही ०.०५. पालेभाजीची मर्यादा वांग्याला लावली तर दूषित वांगेही पास होते. तुमच्या देशाच्या मर्यादा वेगळ्या असतील तर त्याच लावा.

पाण्याच्या मर्यादेला भुलू नका. सिंचनाच्या पाण्यासाठी अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली शिशाची पातळी लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. ती पिकाची वाढ समोर ठेवून काढलेली आहे, खाणाऱ्याची तब्येत नव्हे. कॅडमियमची पातळी ०.०१ आहे. हेक्टरला वर्षाला दहा हजार घनमीटर पाणी दिले तर तेवढ्यानेही १०० ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन हेक्टरी सुमारे वीस लाख किलो, म्हणजे वर्षाला प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅमची भर. दहा वर्षांत अर्धा मिलिग्रॅम, आणि पाण्याचा अहवाल दरवर्षी ‘मर्यादेत’च.

किती खाल्ले जाते तेही धरा. कॅडमियमची सहन करण्याजोगी मात्रा महिन्याला शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम मानतात. १५ किलोच्या मुलाला ती दिवसाला साडेबारा मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेला टेकलेला पालक रोज साठ-बासष्ट ग्रॅम खाल्ला की कोटा संपला. शिशाची अशी सुरक्षित मात्रा सांगताच येत नाही. स्वतःच्या शेतातली भाजी रोज खाणाऱ्या घराने म्हणूनच काठावरचा निकालही हलक्यात घेऊ नये.

## ११. निकालाप्रमाणे पाऊल उचला

‘अ’ जास्त, ‘आ’ मर्यादेत, अ‍ॅल्युमिनियमही ‘अ’ मध्येच जास्त. धातू वर बसलेला आहे. तुषार सिंचन बंद करून ठिबक लावा, वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन घाला, पाणी साठवण टाकीत एक-दोन दिवस निवळू द्या. टाकीतला गाळ पुन्हा शेतात पसरू नका. काढलेली भाजी नदीत किंवा पाटात धुणे ताबडतोब थांबवा.

‘अ’ आणि ‘आ’ दोन्ही जास्त, अ‍ॅल्युमिनियम दोन्हींत कमी. धातू आत आहे. पालेभाज्या आणि कंदमुळे या तुकड्यातून काढा. फळभाज्या, शेंगभाज्या घ्या, पण वांग्याची तपासणी आधी करा, ते टोमॅटोपेक्षा जास्त कॅडमियम उचलू शकते. सामू ६.५ पेक्षा कमी असेल तर चुना घालून तो ६.५ ते ७ वर आणा आणि कुजलेले शेणखत भरपूर द्या. सामू आधीच ७.५ च्या पुढे असेल तर चुन्याने फायदा होत नाही, उलट जस्त कमी पडते, आणि जस्त कमी पडलेले झाड कॅडमियम जास्त ओढते.

इशारा: आर्सेनिक जास्त असेल तर चुना आणि जादा स्फुरद दोन्ही टाळा. दोन्हींमुळे आर्सेनिक सुटे होते. कॅडमियमचा उपाय आर्सेनिकला लावणे ही महागात पडणारी चूक आहे.

‘अ’ आणि ‘आ’ दोन्ही जास्त, अ‍ॅल्युमिनियमही दोन्हींत जास्त. भाजी नीट धुतली गेलेली नाही. निष्कर्ष काढू नका, सातवी पायरी पुन्हा करा.

भाजी ठीक, मातीतला एकूण आकडा वाढलेला. आज झाड उचलत नाही एवढेच. सामू उतरला की उचलायला लागेल. अमोनियमयुक्त खतांचा सततचा मारा माती आम्लधर्मी करतो, तो कमी करा आणि सामू दरवर्षी पाहा.

सूर्यफूल किंवा मोहरी लावून जमीन साफ करण्याचा सल्ला हमखास मिळतो. कॅडमियमसाठी त्याला दशके लागू शकतात, शिशासाठी तर त्याचा उपयोग नगण्य. शिवाय ते पीक चारा, तेल किंवा कंपोस्ट यांत जाता कामा नये. मला विचाराल तर छोट्या क्षेत्रावर बाहेरची तपासलेली माती आणून, खाली जाड कापड अंथरून, ३० सेंटिमीटर उंच वाफे करणे जास्त भरवशाचे. पाणीही बदलायला हवे, नाहीतर नवी माती काही वर्षांत जुन्यासारखी होईल. आणि नदीला लागून खोदलेल्या विहिरीचे पाणी न तपासता ‘वेगळे’ धरू नका.

## १२. फेरतपासणी

चुना किंवा शेणखत घातल्यावर लगेच माती पाठवू नका. एक पूर्ण पीक निघू द्या, मग त्याच खुंट्यांवर, त्याच महिन्यात, तीच भाजी, त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने तपासा. यातली एक गोष्ट जरी बदलली तरी आधीच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. ‘एकूण’ धातूंचा आकडा चुन्याने उतरत नाही, तो तसाच दिसला म्हणून उपाय फसला असे ठरवू नका. डीटीपीएचा आकडा आणि भाग ‘आ’ मधले कॅडमियम पाहा. मोठा पूर येऊन गेला तर वेळापत्रक बाजूला ठेवून पुढच्या पेरणीआधीच गाळाचा नमुना द्या.